फ्रँचायझी करून देणाऱ्या सल्लागाराचं पॅकेज: नाश्ता सेंटरवाल्याला कितपत कामाचं?

लातूर, नांदेड, संभाजीनगरात एखादं नाश्ता सेंटर जरा चाललं की गल्ल्यावर एक फोन हमखास येतो: ‘तुमचा ब्रँड करू, शाखा विकून देऊ.’ देतात काय, तर नावाची नोंदणी, करारनामा, कामाचं मॅन्युअल, चकचकीत माहितीपत्रक आणि शाखा घेणाऱ्या इच्छुकांची यादी. एकरकमी आकडा सांगितला तर कोटेशन फोडून मागा, कारण या पाचही गोष्टींची लायकी सारखी नाही.

नावाची नोंदणी, म्हणजे ट्रेडमार्क, घेण्यासारखी आहे, पण तिची किंमत फुगवलेली असते. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याला ट्रेडमार्कची सरकारी फी ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकारासाठी, ४,५०० रुपये. खाण्याच्या दुकानासाठी वर्ग ४३ लागतो. मसाल्याची पाकिटं विकणार असाल तर वर्ग ३० सुद्धा. म्हणजे ९,००० रुपये, वर वकिलाची फी. पुष्कळ सल्लागार फक्त ३० मध्ये अर्ज टाकून मोकळे होतात आणि हॉटेलचं नाव उघडंच राहतं. अर्जदार म्हणून नाव तुमचंच आहे ना, तेही वाचून बघा. ‘जय भवानी’ किंवा नुसतं गावाचं नाव असेल तर त्यावर एकट्याचा हक्क मिळणं अवघड, तेव्हा नाव आधी बदला आणि मग बोर्ड छापा. अर्ज केल्या केल्या वर्तुळातला ‘आर’ बोर्डावर लावून देणाऱ्याला तिथेच थांबवा. नोंदणी हातात येईपर्यंत ते चिन्ह वापरणं गुन्हा आहे.

करारनामा बहुधा कुठल्या तरी नमुन्यावरून उतरवलेला असतो. ओळखायची खूण सोपी: वादाचं कोर्ट दिल्ली किंवा मुंबई लिहिलेलं असतं. दुकान लातूरचं असेल तर ते लातूर करून घ्या. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. त्याच्या कलम २७ मुळे ‘करार संपल्यावर तीन वर्षं हा धंदा करायचा नाही’ हे कलम कोर्टात सहसा टिकत नाही. उद्या शाखा घेणाऱ्यानं त्याच जागेत दुसऱ्या नावानं कढई चढवली तर तुमच्या हातात नाव आणि मसाला एवढंच उरतं. दुसरी गोची जागेची. फ्रँचायझीचा करार पाच वर्षांचा आणि गाळ्याचा भाडेकरार ११ महिन्यांचा. गाळेवाल्यानं भाडं वाढवलं की शाखा उठते आणि बदनामी तुमच्या नावाची होते.

खरा कस मॅन्युअलचा. सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, तोच घ्या. पॅकेजमधल्या मॅन्युअलात लिहिलेलं असतं, ‘मुरमुरे भिजवून फोडणी द्यावी.’ एवढ्यावर औशाचा कारागीर लातूरची चव काढेल कशी? कागदावर हवं ते असं: एका घाण्याला कोरडे मुरमुरे ५०० ग्रॅम, कांदा ३०० ग्रॅम, तेल १०० मिली, डाळव्याचं कूट ६० ग्रॅम. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच काढायचे आणि मुठीत दाबून पिळायचे, रेंगाळले की त्यांचा गोळा होतो. पातळ मुरमुरे आले तर नुसता पाण्याचा शिपका पुरतो. झाल्यावर अर्ध्या तासात कडक पडतं, म्हणून घाणा लहान ठेवायचा, सकाळी एकदाच रांधून ठेवायचा नाही. चहाचंही तसंच. उन्हाळ्यात नळ गेला की टँकर नाही तर बोअरचं जड पाणी, मग तीच पत्ती आणि तेच माप असून रंग काळपट, चव मंद. पाण्याच्या फिल्टरचा खर्च शाखेच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत हवा. हे लिहायला सल्लागारानं निदान दोन सकाळी तुमच्या भट्टीपाशी उभं राहायला हवं. जो येतच नाही, त्याच्या मॅन्युअलला पैसे देऊ नका.

आता आकडे. ब्रोशरमध्ये रॉयल्टी, म्हणजे शाखेनं विक्रीतून तुम्हाला द्यायचा वाटा, ५ टक्के असते आणि पुढे गप्प. महिना ३ लाखांच्या विक्रीवर १५,००० रॉयल्टी, त्यावर १८ टक्के जीएसटी २,७००. शाखेचं बिल ५ टक्के जीएसटीचं असल्यानं त्या २,७०० ची वजावट मिळत नाही, म्हणजे तिच्या खिशातून १७,७०० जातात. विक्री २ लाखांवर आली तर हिशेब असा धरा: माल ८०,०००, पगार ४८,०००, भाडं २०,०००, गॅस-वीज १६,०००, पॅकिंग ७,०००, रॉयल्टी करासह ११,८००. उरले १७,२००, आणि त्यातून कर्जाचा हप्ता! असा शाखावाला पहिल्यांदा रॉयल्टी थांबवतो, मग गल्ल्यावर स्वतःचा क्यूआर कोड ठेवतो, म्हणजे ती विक्री तुमच्या हिशेबात येतच नाही.

तुमच्या बाजूनं बघा. महिना ३ लाख विकणाऱ्या दोन शाखांची रॉयल्टी ३०,०००. देखरेखीला एक माणूस, त्याचा पगार आणि पेट्रोल धरलं की हातात काही राहत नाही. चार-पाच शाखा होईपर्यंत हा धंदा पदरमोडीचाच. त्यापेक्षा रॉयल्टी नाममात्र ठेवून मसाला तुम्हीच पुरवा आणि नफा त्यात ठेवा. एका पाकिटात किती प्लेटा होतात हे ठरलेलं असलं की मसाल्याच्या उचलीवरून विक्री कळते, कॅमेरे लावायची गरज नाही. मसाला बनवण्याच्या जागेला आणि प्रत्येक शाखेला अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना वेगवेगळा लागतो, तुमच्या एका नंबरवर सगळ्यांची बिलं छापता येत नाहीत.

इच्छुकांची यादी म्हणजे पॅकेजचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात पोकळ भाग. तेच नंबर चहावाल्याला आणि पिझ्झावाल्यालाही विकलेले असतात. त्यात पुणे-हैदराबादची गिऱ्हाइकं दिसली की हुरळू नका. लातूरवाल्याची पहिली शाखा औसा, निलंगा, अहमदपूर अशी हवी, की सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल.

आणि त्याआधी एक शाखा पगारी माणसांवर स्वतः चालवलेली असावी, पूर्ण वर्षभर. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, कुठलंही दुकान चालतं. जून-जुलैत पेरणीत पैसा अडकला की गल्ला किती उतरतो तो आकडा महत्त्वाचा. मालक गल्ल्यावर नसताना ती शाखा तगत नसेल, तर विकायला तुमच्याकडे अजून काही नाही. सल्लागाराला तेव्हा बोलवायचंच नाही. ट्रेडमार्क तेवढा वकिलाकडून करून घ्यायचा.

बोलावलंच तर पैसे टप्प्यानं द्या: अर्ज भरल्याची पावती आल्यावर एक हप्ता, करार तुमच्या वकिलानं वाचल्यावर दुसरा. शेवटचा हप्ता मॅन्युअल बघून, तेही एखाद्या नवख्या कारागिराला नुसतं ते हातात देऊन. त्यानं काढलेला घाणा तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकाला वेगळा लागला, तर मॅन्युअल परत पाठवा.