पिवळ्या बल्बचा दंड सांगून माझ्याकडून १२०० रुपये उकळले

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भरदुपारी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक आणि खांद्याला मोठी पिशवी असा एक माणूस. "वीज कंपनीकडून आलोय. नवीन मीटर बसणार आहेत, त्याआधी जुने बल्ब जमा करायचेत. नव्या मीटरवर पिवळा बल्ब लावला तर दंड लागतो."

आमच्या देवघरात ४० वॉटचा पिवळा बल्ब होता, आईच्या खोलीत ६० चा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पांढरा उजेड तिला खुपतो. हिशेब मलाही कळतो. ६० चा बल्ब दहा तासांत ०.६ युनिट खातो, ९ वॉटचा एलईडी ०.०९. तरी आधी सीएफएल घ्या, मग एलईडी घ्या, आता मीटर बदला. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत कोणता दिवा लावायचा हेही सरकारच ठरवणार का, हा माझा राग आजही आहे. त्या दुपारी मात्र याच रागानं घात केला. असा नियम आहे का, हे विचारायचं सोडून मी नियम कसा चुकीचा आहे यावर त्याच्याशी भांडत बसलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, वरून आदेश आहे, आम्ही काय करणार?" आणि मला ते पटलं. सरकारकडून मी असंच काहीतरी ऐकायच्या तयारीत होतो.

१५० चा एक, असे आठ एलईडी बल्ब त्याच्याकडून घेतले. पैसे क्यूआरवर दिले. स्क्रीनवर कंपनीचं नाही, कुणा व्यक्तीचं नाव आलं, ते मी पाहिलं आणि तरीही पिन टाकला. जाताना तो आमचे चालू बल्बही घेऊन गेला.

तीन आठवड्यांत दोन बल्ब गेले, बाकीचे फडफडू लागले. आईचं डोकं दुखायला लागलं. वायरमननं एक उघडून दाखवला: आत धड ड्रायव्हर (एलईडीला स्थिर वीज पुरवणारं सर्किट) नाही, खोक्यावर ना वीजबचतीचं स्टार लेबल, ना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक. मोबाइलचा कॅमेरा बल्बवर धरला तर काळे पट्टे सरकताना दिसले, म्हणजे उजेड सतत लुकलुकत होता.

वीज कार्यालयाच्या खिडकीवर कळलं की त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. घरात पिवळा बल्ब लावला म्हणून दंड, असा नियमच नाही. २०१५ साली सुरू झालेली सरकारची 'उजाला' योजनाही ऐच्छिक होती, ज्याला हवे त्यानं स्वस्तात एलईडी बल्ब घ्यायचे. जुना बल्ब देऊन नवा घ्यायची २०२१ ची 'ग्राम उजाला' होती, तीही खेड्यांसाठी आणि १० रुपयांत. माझ्याकडून घेतले १५०.

कुणी असं दारात आलं तर त्याला थांबवून ठेवा आणि बिलावरच्या क्रमांकावर फोन करा. खोक्यावर 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. मी महिन्यानं कळवलं, पैसे अजून आलेले नाहीत.

आईच्या खोलीत आता पुन्हा ६० चा पिवळा बल्ब आहे. पेठेतल्या जुन्या दुकानात मिळाला. घेण्याआधी दुकानदाराला विचारलं, "यावर बंदी आहे का हो?" त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि बल्ब होल्डरला लावून पेटवून दाखवला.