रोजच्या गाडीसाठी ब्रेक पॅड: तीन संच वापरल्यानंतरचे मत

माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांवर आतापर्यंत ब्रेक पॅडचे तीन संच बसले: गाडीबरोबर आलेला मूळ संच, त्यानंतर सेमी-मेटॅलिक (धातूमिश्रित) आणि सध्याचा सिरॅमिक (चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा). गाडीचे काम साधेच आहे. सकाळी थंड इंजिनावर निघायचे, सिग्नलमागून सिग्नलला थांबायचे, गर्दीत रांगायचे आणि क्वचित एखादा घाट उतरायचा. अशा वापरात पॅडची खरी परीक्षा होते ती सकाळच्या पहिल्या ब्रेकला, आणि पुढचे सगळे मत त्या कसोटीवर बेतलेले आहे.

मूळ संचाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. तो निमूटपणे झिजला. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो आणि तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. त्या सुमारास पॅडला जोडलेली पत्र्याची छोटी पट्टी डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅड जिच्यावर दाबले जातात त्या तबकडीला, घासून किरकिर करू लागते, मात्र ही पट्टी प्रत्येक पॅडवर असतेच असे नाही.

सेमी-मेटॅलिक संच मी 'जास्त दमदार' या एका शब्दावर घेतला, आणि ती चूक होती. या पॅडच्या मिश्रणात साधारण 30 ते 65 टक्के धातू असतो. त्यामुळे उष्णता चांगली वाहून जाते आणि लांब उतारावर सतत ब्रेक लावूनही पकड टिकते. पण माझ्या गाडीचे ब्रेक तितके तापतच नाहीत. थंडीच्या दिवसांत पहिल्या दोन-तीन थांब्यांना पॅडल नेहमीपेक्षा जोराने दाबावे लागे, हळू वेगात करकर ऐकू येई आणि पुढच्या चाकांच्या रिमवर काळी पूड इतकी बसे की मागची चाके दुसऱ्याच गाडीची वाटत. ज्यांची गाडी वरचेवर भरलेली असते किंवा डोंगराळ रस्त्यांवर धावते, त्यांनी मात्र हेच घ्यावेत.

हा संच अपेक्षेपेक्षा फार लवकर संपला, तेव्हा मी सगळा दोष पॅडला दिला. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) उघडल्यावर दिसले की एकाच चाकातील आतल्या पॅडवर जेमतेम 2 मिलिमीटर थर उरला होता आणि बाहेरच्या पॅडवर तब्बल 6. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतील एक पिन ग्रीस सुकल्यामुळे अडकली होती, तिचे रबरी आवरणही फाटले होते. ज्या गॅरेजमध्ये पॅड बसवले तिथे या पिना कुणी काढून पाहिल्याच नव्हत्या. आता मी काम उभे राहून करून घेतो: पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावायचे (साध्या ग्रीसने रबर फुगते), डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहायची आणि पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

सिरॅमिक पॅड महाग पडतात. ते शांत आहेत, त्यांची पूड फिकट असल्याने रिमवर उठून दिसत नाही आणि पॅडल हळू दाबले तरी गाडी झटका न देता थांबते. स्वच्छ रिममुळे गाडी लवकर थांबत नाही हे मान्य, पण सकाळची पहिली पकड सेमी-मेटॅलिकपेक्षा निश्चित बरी आहे आणि माझ्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

खोक्यावरच्या विशेषणांपेक्षा पॅडवर छापलेली अक्षरे वाचावीत. काही पॅडच्या कडेवर 'एफएफ' किंवा 'ईई' अशी जोडी असते. पहिले अक्षर कमी तापमानातील आणि दुसरे जास्त तापमानातील घर्षणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) सांगते. 'ई' म्हणजे 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तापल्यावर पकड घटते असे समजावे. ही अक्षरे टिकाऊपणाविषयी काहीच सांगत नाहीत. पाठीच्या पत्र्यावर वर्तुळातला 'ई' आणि '90आर' ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर त्याचा अर्थ निराळा: तो पॅड युरोपीय नियम 90 नुसार तपासलेला असतो आणि त्याची ब्रेकक्षमता मूळ पॅडच्या 15 टक्के आतबाहेरच असावी लागते. दोन्ही खुणांत 'ई' असल्यामुळे मीही सुरुवातीला फसलो होतो. निवडीची वेळ आली तर मी ही दुसरी खूण आधी शोधतो.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पॅडल कडक होईपर्यंत दाबून घ्यावे, कारण पॅडला पुढे रेटणारे कॅलिपरमधील पिस्टन मागे ढकललेले असल्याने पहिल्या दाबाला ते थेट तळाशी जाते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरवरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावले आणि मध्ये डिस्क थंड होऊ दिली. सिरॅमिक संचाची पहिल्या दिवशीची किंचित घसरती पकड त्यानंतरच सुधारली.