काचेचा शोकेस करून घेताय? यूव्हीच्या नावाखाली माझे पैसे गेले ते वाचा

चिपळूणला बाजारपेठेत माझं बांगड्या आणि इमिटेशन ज्वेलरीचं दुकान आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात प्लायवूडचे सगळे काउंटर फुगून गेले, तेव्हाच ठरवलं होतं की परत लाकूड नको. थोडे थोडे पैसे बाजूला टाकून गेल्या वर्षी गणपतीच्या आधी काचेचा शोकेस करायला दिला, आणि त्यात मी फसले. नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण काय झालं ते नीट सांगते कारण आमच्या भागात आता बरेच जण असे शोकेस करून घेतायत.

काचवाला म्हणाला, "ताई, स्क्रू नाही, क्लिप नाही, नुसती काच दिसेल. यूव्ही बाँडिंग करतो, काच फुटेल पण जॉइंट सुटणार नाही." यूव्ही बाँडिंग म्हणजे काचा खास ग्लूने चिकटवायच्या आणि तो ग्लू यूव्ही म्हणजे अतिनील उजेडाने घट्ट करायचा. साधं सिलिकॉन का नको विचारलं तर म्हणे ते पिवळं पडतं आणि कडेला दिसतं. यूव्हीचा रेट जास्त का, तर त्याने स्वतःच सांगितलं की हे काम दोन टप्प्यांत होतं, आधी थोडा उजेड देऊन काच जागेवर पकडायची, मग सांडलेला ग्लू पुसायचा, मग मोठ्या दिव्याखाली पूर्ण पक्का करायचा. सगळं मिळून 46,000 ठरले, 30,000 अ‍ॅडव्हान्स दिला.

कामाच्या दिवशी आला संध्याकाळी साडेसहाला. बरोबर एक पोरगा, सतरा-अठराचा असेल, आणि हातात नोटा तपासायला वापरतात तसा जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च. प्रत्येक जॉइंटला दहा-बारा सेकंद टॉर्च धरला, फडक्याने पुसलं, पुढचा जॉइंट. त्या पोराच्या डोळ्याला गॉगलसुद्धा नव्हता, मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मोठा दिवा कुठाय विचारलं तर म्हणाला, "उद्या दुकान उघडलंत की दिवसाच्या उजेडात आपोआप फायनल होतं." मला पटलं कारण काच हलवून बघितली तर खरंच घट्ट होती. नऊ वाजता उरलेले 16,000 घेऊन गेला.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे मधली फळी खाली आली. 8 मिमीची टफन काच, चार फूट बाय एक फूट. काचेचं वजन दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो धरतात, म्हणजे ही एक फळीच साडेसात किलोच्या आसपास, वर माल वेगळा. टफन असल्यामुळे दाण्यांसारखा चुरा झाला, सुरे नाही पडले. पण हेच दुपारी झालं असतं तर? समोर बायका लहान पोरांना घेऊन उभ्या असतात, पोरं काचेला नाक लावून बघतात. अजूनही तो विचार आला की पोटात गोळा येतो.

माझा भाचा भोसरीला एका कारखान्यात आहे, तिथं अशाच ग्लूने पार्ट चिकटवतात. तो आला, सुटलेल्या जॉइंटवर बोट फिरवून बघितलंन आणि म्हणाला, मावशी, आत हात लाव. कडेला पापुद्र्यासारखं कडक आणि आत चक्क मधासारखं चिकट! एकोणीस दिवसांनी! मग त्याने समजावलं. हा ग्लू हवेने सुकत नाही, उष्णतेनेही नाही, ठरावीक उजेड ठरावीक वेळ मिळाला तरच आतून घट्ट होतो. किती जोराचा उजेड गुणिले किती सेकंद, हा हिशोब असतो. पहिल्या उजेडात तो फक्त जेलीसारखा होतो, म्हणजे काच हलत नाही आणि बाहेर आलेला ग्लू पुसता येतो, एवढंच त्याचं काम. खरी ताकद दुसऱ्या टप्प्यात येते. आणि टप्पे करायचे ते कंटाळा म्हणून नाही, एकदम जोराचा उजेड मारला तर ग्लू झटक्यात आकसतो आणि जॉइंटमध्ये ताण राहतो.

दिवसाच्या उजेडाचं म्हणाल तर उन्हात यूव्ही असतं हे खरं, पण भर पावसाळ्यात दुकानाच्या आत, शटरपासून आठ फूट, तिथं कितीसं पोचणार. ग्लूच्या बाटलीवर 365 नॅनोमीटर लिहिलेलं, म्हणजे त्याला कुठल्या प्रकारचा यूव्ही उजेड लागतो तो आकडा, आणि टॉर्चचा फोटो माझ्याकडे होता त्यावर 395, म्हणजे उजेडच जुळत नव्हता. पण मुख्य घोळ वेगळाच निघाला. शटरबाजूची उभी काच मी चोरीच्या भीतीने लॅमिनेटेड सांगितली होती, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकची फिल्म असते ती. ती फिल्म यूव्ही जवळजवळ सगळं अडवते. काचवाल्याने त्या बाजूचे सगळे जॉइंट बाहेरून, त्याच काचेतून टॉर्च मारून केलेले. म्हणजे तिथं पहिला टप्पासुद्धा धड झालेला नव्हता. रोज हे काम करणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. शिवाय मागे विसरलेल्या बाटलीवरचं लेबल भाच्याने नखाने उचललं तर खाली दुसरं लेबल, त्यावर मुदत संपून आठ महिने झालेले.

काचवाल्याला फोन केला तर आधी म्हणाला तुम्ही वजन जास्त ठेवलंत, नंतर फोनच उचलेना. बिलावर नुसतं "काच काम" लिहिलेलं, यूव्ही हा शब्दच नाही, आणि हीच माझी मोठी अडचण झाली. तेव्हा बिलावर ग्लूचं नाव, बाटलीची मुदत आणि "फायनल क्युअर केला" (म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा उजेड देऊन ग्लू पूर्ण पक्का केला) हे लिहून घ्या, नाही लिहिलं तर पैसे थांबवा. काम दिवसा करून घ्या, दोन्ही टप्प्यांचा व्हिडिओ काढा. लॅमिनेटेड किंवा मागून रंगवलेली काच असेल तर उजेड कुठल्या बाजूने देणार हे आधी विचारा, उत्तर देताना चाचरला तर दुसरा माणूस बघा. आणि दमट जागेला किंवा फिश टँकला हे बाँडिंग कुणी विकत असेल तर नको म्हणा, पाण्याने ते हळूहळू सुटतं.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दुकानासाठी घेतलेली वस्तू म्हणून आधी शंका होती, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेलं दुकान असेल तर तक्रार करता येते. ती चिकट काच, बाटली, व्हॉट्सअ‍ॅपवरचं दोन टप्प्यांचं बोलणं, सगळं जपून ठेवलंय.

बाकीच्या फळ्या उतरवून परत करून घेतल्या, दुसऱ्या माणसाकडून. त्याने काच स्पिरिटने पुसली, ड्रायरने कोमट करून ओल घालवली, वीस सेकंद उजेड, पुसणं, आणि मग आतल्या बाजूने प्रत्येक जॉइंटला तीन-तीन मिनिटं मोठा दिवा. मी खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसले होते. सहा फळ्यांना अख्खी दुपार गेली.