पहिल्या वर्षाच्या बांधकाम विषयासाठी दोन दिवसांचं यार्ड: घ्यावं का?

बीआर्कच्या, म्हणजे आर्किटेक्चर पदवीच्या, पहिल्या वर्षाला विटांचे बॉण्ड (विटा रचण्याच्या पद्धती) ड्रॉइंग शीटवर काढून घ्यायचे आणि सेमिस्टर संपता संपता मुलांना एखादी साइट फिरवून आणायची, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. नागपूरच्या हिंगणा रोडवरचं हे बांधकाम सरावाचं यार्ड त्याऐवजी दोन दिवस मुलांच्या हातात थापी, ओळंबा आणि लाइनदोरी देतं. कोर्स आखणाऱ्या शिक्षकांना आमचं सांगणं एवढंच: जरूर घ्या, पण शीटच्या आधी.

यार्डाची जमेची बाजू म्हणजे विटा. 230 × 110 × 75 मिमीच्या, फ्लाय ॲशच्या. दोन रुंद्या आणि मधला 10 मिमीचा सांधा मिळून बरोबर एक लांबी भरते, म्हणून इंग्लिश बॉण्ड (एक थर आडव्या विटांचा, एक थर उभ्या हेडरचा, म्हणजे रुंदीची बाजू दर्शनी ठेवलेल्या विटांचा) जुळतो. भट्टीच्या हातथाप विटांत हा हिशेब हमखास चुकतो आणि नवख्या मुलाला वाटतं, चूक आपलीच. कोपऱ्यातल्या हेडरला लागून क्वीन क्लोजर (लांबीत उभी फोडलेली अर्धी वीट) टाकायचा राहिला, की दुसऱ्याच थराला उभे सांधे एकावर एक येतात. वीट लांबीत उभी फोडताना दोन-तीन वाया गेल्या की त्या तुकड्याची किंमत कळते. शीटवर ती नुसती एक रेघ असते.

मसाल्याच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. सकाळीच सगळ्या गटांचा 1:6 चा (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती) एक मोठा ढीग कालवून ठेवतात. ऊन चढलं की तो आवळतो, मग वरून पाणी मारून पुन्हा कालवतात. सिमेंटची पकड सुरू झाल्यावर असं केलं की ताकद गेलीच, आणि मुलं तीच सवय शिकून जातात. गटागटाने अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवायला सांगा. त्याहून बरं म्हणजे चुना-रेती मागा. सरावाला तीच बरी. भिंत पाडून विटा साफ करता येतात. सिमेंटमध्ये निम्म्या विटा भंगारात जातात.

मागणी देताना हिशेब असा धरा: एक मीटर लांब, एक मीटर उंच, एका विटेच्या जाडीची (म्हणजे 230 मिमी) भिंत म्हणजे साधारण 100 विटा, फुटतूट धरून 110. सिमेंटच घेतलं तर 15 किलोच्या आसपास. 40 मुलांचे पाच-पाचचे आठ गट केले, तर 880 विटा. यार्डवाले दहा-दहाचे गट करू म्हणतील. ऐकू नका, निम्मी मुलं फोटो काढत बसतात.

पायाचं प्रात्यक्षिक कामाचं नाही. मुरमाच्या जागेत स्ट्रिप फूटिंगचा (भिंतीखालच्या सलग पट्टीसारख्या पायाचा) खड्डा दाखवतात. नागपुरात शिकणाऱ्याला काळी माती दाखवायला हवी: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि म्हणून अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेले खोल खांब) लागतात. त्यांच्याकडे त्याचं फक्त थर्माकोलचं मॉडेल आहे. तो अर्धा दिवस भिंतीलाच द्या.

तारीख दुसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीची, जानेवारीतली धरा. प्रवेशफेऱ्या लांबतात, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला वेळ उरत नाही. एप्रिलमध्ये दुपारी उघड्यावर उभं राहवत नाही. रबरी हातमोजे आपले न्या, तिथले फाटके असतात.