जुन्या गाडीत पायाशी साचणारं पाणी: एक पावसाळा काढल्यावर काय टिकलं, काय सुटलं

ब्युटाइल टेप (दोरीसारखी मऊ, चिकट रबरी पट्टी) टिकली, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट टिकलं, आधीचं सिलिकॉन मात्र सुटलेलं निघालं. मे महिन्यातला तापलेला पत्रा आणि त्यानंतर कोकणातल्या झडीसकट पूर्ण पावसाळा, एवढं सोसल्यानंतरचा हा निकाल आहे. गाडी पंधरा वर्षांपुढची छोटी हॅचबॅक. काम चार ठिकाणी केलेलं: काउल (वायपरखालची पन्हळ), डावा पुढचा दरवाजा, छतावरचा जोड आणि मागचा दिवा.

सीलंटची नळी उघडण्याआधी पाणी कोणतं आहे ते ओळखायला हवं, कारण निम्म्या वेळा सीलंटची गरजच नसते. कोरड्या दिवशी फक्त एसी लावल्यावर डाव्या पायाशी ओल येत असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून ब्लोअर आणि कूलिंग कॉइल सहसा डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला असतात. हे पाणी स्वच्छ असतं. पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर तेलकट धुरकटपणा येत असेल तर तो कूलंट. हीटरची कॉइल गळते आहे, तिथे टेप-सीलंटचं काम नाही. पाण्यात माती आणि पानांचा चुरा दिसला तर काउलकडे वळा. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावरच ओल येत असेल तर तळाच्या पत्र्यातली रबरी बुचं तपासा. मागच्या सीटच्या पायाशी दिसणारं पाणी बऱ्याचदा पुढूनच आलेलं असतं. चढावर ते कार्पेटखालून मागे सरकतं.

पाऊसच आत येतोय हे नक्की झालं की कार्पेट उचलून पत्रा पुसून कोरडा करायचा आणि वर्तमानपत्र अंथरायचं. एकाने बाहेरून साध्या नळीने, कमी धारेने पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. सुरुवात खालून: आधी दरवाजाचा खालचा भाग, मग काच, मग काउल, शेवटी छत. प्रत्येक जागी दहा मिनिटं तरी. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचं प्रेशर वापरू नका, ते धडधाकट रबरातूनही पाणी आत घुसवतं.

काउल उघडायला वायपरचे हात काढावे लागतात. त्याआधी काचेवर टेपने त्यांची जागा खूण करून ठेवा, नाहीतर नंतर पाती बोनेटला घासतात. प्लास्टिकचं झाकण उन्हाने ठिसूळ झालेलं असतं, क्लिपा सावकाश सोडवा. आत गुलमोहराची बारीक पानं आणि मातीचा थर सापडतो. निचऱ्याची वाट बंद झाली की पाण्याची पातळी वाढत जाते आणि ते ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून सरळ आत उतरतं. कचरा हाताने काढा. भोकात तार खुपसू नका, रबरी तोंड फाटतं आणि रंग खरवडला जातो. जाड नायलॉनची दोरी चालते. मग लिटरभर पाणी ओतून ते पुढच्या चाकामागून झटकन खाली पडतंय का ते बघा. एसीच्या नळीला खालून हवा मारायची तर दाब अगदी कमी ठेवा. जोरात मारली तर नळी आतल्या बाजूला निसटते आणि डॅशबोर्ड उघडायची वेळ येते.

खरी मेहनत दरवाजाची. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून दरवाजाच्या पोकळीत पाणी जाणं हा बिघाड नव्हे, गाडी तशीच बनवलेली असते. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद त्याला केबिनपासून अडवतो. स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडो दुरुस्त करताना हा कागद फाडला जातो आणि वरून ट्रिम (दरवाजाचं आतलं आवरण) लावलं की कुणाला पत्ता लागत नाही. पाणी मग उंबऱ्यावरून कार्पेटखाली जातं, आणि दोष मात्र दरवाजाच्या बीडिंगला (कडेच्या रबरी पट्टीला) दिला जातो. नवं बीडिंग घेण्याआधी ट्रिम उघडून बघाच.

यासाठी लागलं ते असं: १५० ते २०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद, ६ ते ८ मिमी जाडीची ब्युटाइल दोरी एका दरवाजाला साधारण तीन मीटर, आणि ट्रिमच्या दहा-बारा जादा क्लिपा, कारण जुन्या हमखास तुटतात. जुना काळा डिंक पेट्रोलने निघतो (उघड्यावर, बॅटरी सोडवून), पण शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचाच हवा. तेलकट किंवा दमट पत्र्यावर ब्युटाइल धरत नाही. दोरी सलग लावा, सांधा आलाच तर वरच्या कडेला नको, बाजूला घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कागदाची खालची कड दरवाजाच्या खाचेतून पोकळीत वळवा, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी परत दरवाजातच पडेल. ही कड बाहेर राहिली तर बाकीची तीन मीटर दोरी वाया.

मे महिन्यात वरच्या कोपऱ्यात दोरी थोडी मऊ होऊन खाली सरकली. बोटाने दाबून बसवली तेवढी पुरली. ट्रिम पुन्हा उघडलं तेव्हा कागद अखंड सोलून निघाला आणि त्याच डिंकावर परत चिकटला. ब्युटाइलचा हा गुण सिलिकॉनमध्ये नाही.

छताच्या पन्हळीत जोडाचं मूळ सीलंट तडकलं होतं. त्यातल्या एका तुकड्यावर आधीचं सिलिकॉन होतं. ते कडेने उचललेलं आणि खाली गंज. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं, उघड्या पत्र्यावर ते नकोच. शिवाय त्यावर रंग धरत नाही आणि मागे राहिलेला पातळ थर पुढच्या सीलंटलाही चिकटू देत नाही. ते पूर्ण खरवडून, गंजावर कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमर, मग पीयू सीलंट असा क्रम ठेवला. पीयू हवेतल्या ओलाव्यावर वाळतं, दिवसाला साधारण ३ मिमी. म्हणून जाड लगदा भरण्यापेक्षा पातळ थर बोटाने दाबून भरलेला बरा. पावसाळ्यानंतर त्यावर एकही चीर नाही.

मागच्या दिव्याला बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची ५ मिमी पट्टी लावली. काम झालं, पण ती दबून चपटी झाली आहे. दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल असं दिसतं. नट हातानेच आवळा, दिव्याचे प्लास्टिकचे स्क्रू तडकतात.

गळती थांबूनही कुबट वास जात नसेल तर कार्पेटखालचा नमदा ओला आहे. तो लिटरभर पाणी सहज धरून ठेवतो आणि वरून कितीही कोरडा वाटला तरी खाली ओलाच असतो. सिलिका जेलच्या पुड्या, कापूर, सुगंधी डब्या यांनी काही होत नाही. सीट काढून नमदा बाहेर उन्हात दोन-तीन दिवस उलटापालटा करावा लागतो. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून काही मिनिटं थांबा. डाव्या पायाशी वायरिंगचे जोड असतील तर तेही सुकवा. पाण्याने हिरवट पडलेली पिन पाऊस संपल्यावर महिन्यांनी त्रास देते, तेव्हा कुणाला गळती आठवत नाही.

आता देखभाल एवढीच: पावसाआधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा काउल साफ करायचं, दरवाजांखालची भोकं काडीने मोकळी करायची. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर काउल महिन्याला बघा.