शेतीचा सल्ला: मराठी ग्रुपवरनं घ्यावा की रयत संपर्क केंद्रातनं?

कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यातली, निपाणी-चिक्कोडीकडची पोरं विचारतात की सोयाबीन रुंद वरंब्यावर (दोन सऱ्यांमधल्या रुंद, उंच पट्ट्यावर) घ्यायचंय, उसाचं पाचट (वाळलेला पाला) न जाळता रानातच कुजवायचंय, पण विचारायचं कुणाला? आपल्याकडं रस्ते दोनच. कोल्हापूर-सांगलीकडचे मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, नाहीतर आपल्या होबळीचं (तालुक्याखालच्या मंडळाचं) रयत संपर्क केंद्र, म्हणजे कर्नाटकच्या कृषी खात्याचं ऑफिस. मी दोन्ही वापरतो, अजून पण.

ग्रुपचं सोपं हाय. भाषा आपली, रात्री विचारलं तरी कोणतरी उत्तर देतंच, आणि पाचटावर युरिया-सुपर फॉस्फेट कसं टाकायचं हे तिथल्याइतकं फोड करून मला दुसरीकडं कुणी सांगितलं नाही. सोयाबीनचं फुले संगम वाण पण तिथनंच कळलं. योजनांचं मात्र सोडा, ते महाडीबीटीवर, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या पोर्टलवर, अर्ज करा म्हणतात आणि आपल्या जमिनीचा उतारा कर्नाटकचा.

पण मला खटकलं ते वेगळंच. फोटो टाकला की औषधाचं नाव येतंय. पाऊस लागून राहिला आणि सोयाबीन पिवळं पडलं, तर जो तो वेगळी फवारणी सांगायला लागला, एकानं पण विचारलं नाही की रानात पाणी किती दिवस उभं हाय, जमीन काळी की तांबडी, उतार कुठल्या अंगाला. सांगणाऱ्यात काहीजण स्वतःच दुकानदार, आता त्यानं नुसतं पाणी काढ म्हणून सांगितलं तर त्याचं पोट कसं भरायचं म्हणा. केंद्रातले साहेब बांधावर आले, रोप उपटून मुळाच्या गाठी बघितल्या, म्हणाले औषध राहू दे, आधी चर मारून पाणी बाहेर काढा, मुळाला हवा लागू दे. पुढच्या हंगामाला रुंद वरंबा करा, पाऊस जास्त झाला तर जादा पाणी सरीतनं निघून जातं, आणि पावसाची ओढ बसली तर सरीत मुरलेली ओल उपयोगी पडते. नंतर शेंडा हिरवा झाला. आता पाऊस उघडल्यामुळं पण असेल, मी काय मोजून बघितलेलं नाही.

केंद्राचा त्रास पण हाय. जूनमध्ये बियाणं वाटपाची गर्दी, साहेब सापडत नाहीत. कागद सगळे कन्नडात, सवलतीच्या बियाण्याला एफआयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) लागतो. बोलायला मात्र त्यांचं मराठी आणि आपलं कन्नड सारखंच मोडकं, भागतंय. कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्यात दोन, तुक्कानट्टी आणि मत्तीकोप, आपल्याला दोन्ही लांबच.

हवामान खात्याच्या मेघदूत अ‍ॅपवर मंगळवारी-शुक्रवारी जिल्ह्याचा शेती सल्ला येतो तो बघत चला, फक्त खानापूरला कोसळत असतो तेव्हा अथणीत धूळ उडत असते आणि जिल्हा एकच, एवढं ध्यानात असू दे.

पाण्याची सोय असलेला नुसता ऊस असेल तर ग्रुपवर भागेल बहुतेक. पावसावरचं सोयाबीन असेल तर मी म्हणेन मे महिन्यातच, गर्दी व्हायच्या आधी, केंद्रात जाऊन साहेबांचा नंबर घेऊन ठेवा, आणि येताना एफआयडीचं पण विचारून या.