एनपीटेलचा पायथन कोर्स आणि माझी बी.एस्सी.: काही महिने वापरून झाल्यावर

मी बी.एस्सी. गणित, आपल्या नागपूर विद्यापीठाचाच. सध्या इतवारीत एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. एनपीटेल म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम. त्यावरचा माधवन मुकुंद सरांचा आठ आठवड्यांचा पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स जुलैच्या सत्रात केला. तेव्हापासून बिलं आणि बँकेच्या नोंदी जुळवायला तेच वापरून राहिलो आहे.

सुरुवातच मसाविने होते. आधी शाळेतली रीत: विभाजकांच्या याद्या करा, सामाईक शोधा, मोठा उचला. मग याद्या ठेवायच्याच कशाला, असं करत करत सर युक्लिडपर्यंत नेतात. १०७१ आणि ४६२ घ्या. बाकी १४७, मग २१, मग शून्य. तीन भागाकारांत उत्तर २१! पदवीला हे सिद्धतेसकट लिहून मार्क घेतले होते. ते इतकं झपाट्याने का आटोपतं, याचा विचार करायला मात्र तिथे कुणी लावलं नाही.

शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं तर केंद्रावर परीक्षा, मी दिली तेव्हा फी १००० रुपये. असाइनमेंटचे आणि परीक्षेचे, दोन्ही गुण धरतात. माझ्या मते असाइनमेंटची मुदत हाच यातला खरा माल. व्हिडिओ यूट्यूबवरही आहेत, पण मुदत नसली की दुसरा आठवडा दिवाळीनंतरच उघडतो.

कॉलेजची आठवण आली ती तोंडी परीक्षेमुळे. प्रोग्राम इथे मशीन तपासतं. काही चाचण्या दिसतात, काही लपलेल्या. लपलेल्यात नापास झालात तर कारण आपणच हुडकायचं. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले सर ‘ही पायरी कशाला?’ म्हणून घाम फोडायचे, तसं विचारणारं एकट्याने शिकताना कुणी नसतं. मला धरमपेठेच्या अभ्यासिकेत इंजिनिअरिंगचा एक पोरगा भेटला. त्याला प्रोग्राम समजावून सांगत होतो, तर म्हणे, ‘दादा, यादी रिकामीच आली तर?’ माझा प्रोग्राम तिथेच आडवा!

मामेभाऊ बी.कॉम. सोडून हेच करतो म्हणत होता. म्हटलं, काहून बे? राज्यसेवेला पदवीच लागते. शिवाय यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतात, आणि एनपीटेलचे कोर्स त्याच पोर्टलवर असतात. फक्त कॉलेज कोणते धरतं ते नोंदणीआधी ऑफिसात विचारून घे. जानेवारीच्या सत्रात मी डेटाबेसचा घेतोय, तो यायचं म्हणतो.